मे महिन्यात आमच्या गावाची लोकसंख्या किती धरायची?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव मालवण तालुक्यात. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे आम्ही आणि माड. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. नळपाणी योजना वाढवायची म्हणून परवा पंचायतीत बैठक झाली. अभियंता तरुण पोरगा, कामाला चांगला, त्याच्यावर राग नाही. त्याने कागद काढला आणि सांगितलं, लोकसंख्या अठराशे, माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला ९९ हजार लिटर. संपला हिशेब.

मी म्हटलं, साहेब, मे महिन्यात इथे रोज रात्री सातशे पाहुणे तरी झोपलेले असतात. घरटी दोन-चार खोल्या काढल्यात लोकांनी. तो म्हणाला, ते लोकसंख्येत येत नाहीत. मी विचारलं, पण ते आंघोळ करतात ना? सगळे हसले, तोही हसला, पण आकडा काही बदलला नाही.

वर गंमत अशी की अठराशे हा आकडासुद्धा २०११ चा. नियमाप्रमाणे त्यावर पुढची वाढ धरायची असते. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला ८,६८,८२५ होती ती २०११ ला ८,४९,६५१ झाली. वाढ कसली धरता, इथे वजाबाकी आहे! कागदावर गाव आटतंय आणि मे महिन्यात विहिरी आटतायत, ज्या आटत नाहीत त्यांचं पाणी मचूळ होतं.

तर प्रश्न सरळ आहे. अशा गावात माणसं किती हे मोजायचं कसं? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

झणझणीत
सोपं आहे. रात्री बारा वाजता 'साप!' म्हणून ओरडायचं आणि अंगणात आलेली डोकी मोजायची.

तिरफळ
माझ्या गावाक चतुर्थीक येवा आणि मोजा. एका घरात पंचवीस माणसां, न्हाणीघर एक. सकाळी जी रांग लागता ती एस्टीच्या रिझर्वेशनाक पण लागणा नाय. अकराव्या दिवशी परत आवस, बापूस आणि कुत्रो.

सरळरेघ
@खाडीकाठ, अभियंत्याने नियमाने केलं ते बरोबरच आहे. जनगणना पर्यटकाला त्याच्या घरी मोजते. पुण्याचा माणूस पुण्यात मोजला गेला, तोच परत तुमच्याकडे मोजला तर देशात दोन होतील. उगाच गोंधळ नको. हॉटेल काढलंय तर पाण्याची सोय हॉटेलवाल्याने करावी, सरकारने तुमच्या पाहुण्यांना आंघोळी का घालायच्या?

खाडीकाठ
>> हॉटेलवाल्याने करावी
हॉटेलवाला म्हणजे माझी वहिनी. तिने बोअर मारली तर शेजारच्या काकूंची विहीर खारट होते. पाणी जमिनीखाली सातबारा बघून वाहत नाही हो.

आणि दोनदा मोजा असं मी म्हणतच नाही. देशाची लोकसंख्या तुम्ही खुशाल पुण्यात मोजा. मला देशाची नको, मला पंधरा मे च्या रात्रीची माझ्या वाडीची हवी आहे.

मास्तरीणबाई
२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणारी होते, आणि मला मोजायला दिलेला गट एका थंड हवेच्या ठिकाणी बाजारपेठेतच होता. त्यामुळे थोडं अनुभवाचं लिहिते.

आम्हाला शिकवलेला नियम असा. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी. या वीस दिवसांत जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी केव्हातरी राहिला, त्याला त्या घरी लिहायचं. जो पूर्ण वीसही दिवस घराबाहेर आहे, त्याला जिथे सापडेल तिथे लिहायचं. २८ च्या रात्री बेघर लोकांची मोजणी. मग १ ते ५ मार्च पुन्हा फेरी मारून जन्म-मृत्यू दुरुस्त करायचे, कारण सगळा आकडा १ मार्चच्या ००.०० वाजताचा धरतात.

आता हा नियम घेऊन तुम्ही लॉजमध्ये जा. पर्यटक दोन रात्रींचा, त्याचा प्रश्नच नाही, तो त्याच्या घरी लिहिला जाणार. पण लॉज चालवणारी माणसं? स्वयंपाकी राजस्थानचा, वेटर पोरं कुठली कुठली. त्यांची नेहमीची जागा कोणती? मी एका पोराला विचारलं, तू कुठला? म्हणाला, सीझनला इथला. आणि सीझन नसताना? म्हणाला, दुसरीकडे सीझन असतो ना मॅडम, तिकडचा.

घोडेवाल्यांचं आणखी वेगळं. काही जण खालच्या वाडीतून पहाटे घोडा घेऊन वर येतात, दिवे लागले की उतरतात. दिवसा बाजारात फिरलात तर वाटेल केवढं गाव आहे. रात्री मोजायला जा, निम्मं गाव डोंगर उतरून गेलेलं.

आणि सगळ्यात मोठा घोळ मालकांचा. एका ठिकाणी जिन्याखालच्या कोठीघरात पंधरा गाद्या गुंडाळून ठेवलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. मालक म्हणाले, चार लिहा बाई. का? तर कामगार खात्याची भीती. मी त्यांना समजावलं की १९४८ चा जनगणना कायदा आहे, ही माहिती गुप्त राहते, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. ते म्हणाले, हो हो, सरकारचा कागद सरकार वाचत नाही, पटलं. पण चारच लिहा.

मी गाद्या मोजल्या, आणि मग चार दिवस हेलपाटे घालून पोरांना एकेकाला गाठून नावं लिहिली. सगळेच एवढं करत नाहीत, कुणी करावं असंही नाही. शाळा सांभाळून करायचं काम ते.

दगडफूल
@मास्तरीणबाई, ते 'तिकडचा सीझन' वाचून काळजात चर्र झालं. म्हणजे तो पोरगा नक्की कुठल्या गावाच्या पाण्यात धरला गेला असेल?

मास्तरीणबाई
माझ्या गटाच्या. मी लिहिला ना त्याला. :-)

आकडेमोड्या
धागा आवडीचा आहे, त्यामुळे दोन पैसे टाकतो.

माथेरानचा आकडा बघा. २००१ ला ५,१३९. २०११ ला ४,३९३. नुसता हा आकडा वाचणारा म्हणेल गाव ओसाड पडलं. शनिवारी दस्तुरी नाक्यावर उभं राहून बघा काय ओसाड पडलंय ते. माथेरानला एक सोय मात्र आहे, जी खाडीकाठ यांच्या गावाला नाही. गाड्या आत जात नाहीत, नाक्यावर माणशी प्रवासी कर घेतात, म्हणजे डोकं मोजल्याशिवाय आत सोडत नाहीत. तरी त्यातही मेख आहे. माणूस आत कधी आला ते पावती सांगते, बाहेर कधी गेला ते सांगत नाही. संध्याकाळच्या गाडीने परतणारा आणि तीन रात्री राहणारा, पावती दोघांची एकच.

पाचगणी उलट. २०११ ला जवळपास १५ हजार. शेजारचं महाबळेश्वर एवढं नावाजलेलं, तरी ते १३ हजारांच्या वरच थोडं. पाचगणीला निवासी शाळा आहेत, आणि फेब्रुवारीत पोरं वसतिगृहात असतात, ती तिथेच मोजली जातात. हीच मोजणी मे महिन्याच्या सुट्टीत केली असती तर आकडे वेगळे दिसले असते.

जुनीपाटी
वर मास्तरीणबाईंनी वीस दिवसांचा नियम सांगितला, तो आधी असा नव्हता. १९३१ पर्यंत इंग्रज एका रात्रीत देश मोजत. १९०१ ला १ मार्च, १९११ ला १० मार्च, १९२१ ला १८ मार्च, १९३१ ला २६ फेब्रुवारी. त्या रात्री जो जिथे सापडेल तो तिथला. मग गाडीत असो, धर्मशाळेत असो की सासुरवाडीला असो.

आता तारखा कशा ठरवत ते ऐका. रात्र चांदण्याची हवी, म्हणजे प्रगणकाला वाट दिसेल. आणि जत्रा, यात्रा, लग्नसराई यातलं काही नको, म्हणजे माणसं आपापल्या घरी सापडतील. खाडीकाठ, तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. जनगणनेची तारीखच मुळी माणसं हललेली नसतील अशी निवडतात. म्हणजे ज्या गावाचं पोटच माणसांच्या हलण्यावर आहे, त्याला मोजायचं नेमकं ते झोपलेलं असताना. चूक नाही ती, हेतूच तो आहे.

इंग्रजांना हे कळत होतं, कारण त्यांचा उन्हाळ्याचा सगळा कारभार शिमल्यात जायचा. १ मार्च १९०१ ला शिमल्यात १३,९६० माणसं भरली. बर्फातून नुकतं उठलेलं गाव ते. मग जुलै १९०४ मध्ये नगरपालिकेने आपली वेगळी मोजणी केली, ती भरली ३५,२५०. अडीच पट! लाटसाहेबाला पाणी कमी पडलं की मोजणी होते, आपल्याला पडलं की हिशेब संपतो.

सरळरेघ
शिमल्याचं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूने आहे. जनगणना जशी होती तशीच राहिली, नगरपालिकेने स्वतःच्या खर्चाने वेगळी मोजणी केली. मी हेच म्हणतोय.

जुनीपाटी
मान्य. पण मग ग्रामपंचायतीने केलेली मोजणी वरच्या कार्यालयात कुणी मानतं का, ते सांगा.

टेम्सकाठचा तात्या
उशिरा आलो. आमच्या विलायतेत उलटा किस्सा घडलाय. १९२१ ची इथली जनगणना २४ एप्रिलला व्हायची होती. संपाच्या धास्तीने पुढे ढकलली आणि घेतली १९ जूनला. जून म्हणजे इथे सुट्ट्यांचा हंगाम सुरू. ब्लॅकपूल म्हणून समुद्रकाठचं गाव आहे, गिरण्यांतले कामगार तिथे हवापालटाला जायचे. १९११ ला त्याची लोकसंख्या ५८ हजार होती, १९२१ ला एकदम लाखाला टेकली. साउथएंड तर लाखाच्या वर गेलं. दहा वर्षांत एवढी बाळं कुठून आली म्हणून कुणी नवस फेडले नसतील अशी आशा आहे. पुढे कितीतरी वर्षं लोक या गावांचे १९२१ चे आकडे चिमटीत धरून वापरत.

म्हणजे शांत महिन्यात मोजलं तरी फसगत, गर्दीत मोजलं तरी फसगत.

झणझणीत
म्हणजे तात्या, ब्लॅकपूलवाल्यांनी पाण्याची टाकी मोठी बांधून घेतली असणार. खाडीकाठ, संप करा!

कोयता
तुम्ही पर्यटकांचं बोलताय, मी बीडचा. आमच्याकडे हंगाम उलटा आहे. दिवाळी झाली की मुकादम गाड्या भरतो, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. फेब्रुवारीत गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं. मास्तरीणबाईंनी सांगितलेल्या नियमाने वीसही दिवस बाहेर असलेला ऊसतोड मजूर कारखान्याच्या कोपीत, म्हणजे झोपडीत मोजायचा. कोपीपर्यंत कुणी पोचलं तर. आणि पोचलं तर तो सांगली-कोल्हापुरात धरला गेला. पाऊस पडला की तो गावी येऊन रेशन, दवाखाना, शाळा आमच्याकडची वापरणार.

तुमचे सातशे पाहुणे पुण्यात तरी नक्की मोजले गेले. आमचे कुठे मोजले गेले ते त्यांनाही माहीत नाही.

खाडीकाठ
@कोयता, खरं आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

आमच्याकडे याचं दुसरं टोक सांगतो. आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदार असतात, हिवाळ्यात येतात, आंबा उतरला की पावसाच्या तोंडावर जातात. फेब्रुवारीत पूर्ण महिना बागेतच. म्हणजे बागेतला गुरखा आमच्या गावचा, आणि मुंबईत गिरगावात राहून दर सणाला येणारा, इथलं घर दुरुस्त करणारा माझा सख्खा चुलतभाऊ आमच्या गावचा नाही. नियमाने दोन्ही बरोबर. पण जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०३६ बायका का, आणि रत्नागिरीत १,१२२ का, ते या चुलतभावाला विचारा.

पणजीची मावशी
गोव्याचं लिहिते. २०११ ला आमची लोकसंख्या १४,५८,५४५. आणि २०२४ मध्ये पर्यटक किती आले म्हणून विचाराल तर कोटीच्या आसपास. हा कोटीचा आकडा दाखवून कुणी छाती फुगवतो, कुणी छाती पिटतो. दोघांनाही विचारावंसं वाटतं की बाबांनो, कोटी माणसं एका दिवशी आली का? समजा एकेक जण चार रात्री राहिला. चार कोटी रात्री भागिले ३६५. रोजचे साधारण एक लाख दहा हजार. म्हणजे चौदा-पंधरा लाखांच्या घरात लाखभर पाहुणे. जड आहे, पण कोटी नव्हे.

पण थांबा, हा लाखही खरा नाही. तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कितीतरी फुगतो आणि जुलैत रोडावतो, आणि सगळ्या गोव्यावर पसरत नाही, कळंगुट-बागाच्या पट्ट्यात येऊन बसतो. सत्तरी तालुक्यातल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, पर्यटक? कुठं?

शिवाय बंद घरं. २०११ मध्ये आमच्याकडे साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं. काही परदेशी गेलेल्यांची, काही भाऊबंदकीतली, आणि बरीचशी दिल्ली-मुंबईवाल्यांची, वर्षातून पंधरा दिवस उघडणारी. घरपट्टी आहे, नळ आहे, माणूस नाही. आमच्या कॉलनीत वीस फ्लॅट, रात्री दिवे सहा.

मला विचाराल तर गावात माणसं किती हे पोदेराला, म्हणजे पाववाल्याला विचारावं. पाव उरले की त्याचं नुकसान, कमी पडले की गिऱ्हाईक तुटतं. त्याच्याएवढा चोख अंदाज कुणाचाच नसतो.

आकडेमोड्या
मावशींनी मुद्द्यावर बोट ठेवलं. पोदेर म्हणजेच आडून मोजणे. सरळ डोकी मोजता येत नाहीत तेव्हा डोक्यांच्या मागे राहणारं काहीतरी मोजायचं. कचऱ्याच्या गाड्या, विजेची युनिटं, दुधाच्या पिशव्या, गॅस सिलिंडर, संडासाच्या टाक्या उपसणारा टँकर. एकट्या कशावर विसंबू नये. वीज बघाल तर एसीमुळे एक पाहुणा तीन गावकऱ्यांएवढा दिसतो. कचरा बघाल तर पाण्याच्या बाटल्यांमुळे पाच जणांएवढा. दूध बघाल तर उलट, पाहुणा चहा टपरीवर पितो. तीन-चार गोष्टी शेजारी ठेवल्या की खरा आकडा मधे कुठेतरी सापडतो.

नेटवर्क गेलं
हे सगळं जुनं झालं. मोबाइल टॉवरवरून रात्री किती फोन कुठे आहेत ते कळतं. एका बटणात आकडा.

तिरफळ
आमच्या वाडीत रेंज गच्चीवर चढल्यावर येता. म्हणजे आमची लोकसंख्या गच्चीवर चढलेली माणसां, दोन.

चंद्रभागा
आमच्या पंढरपूरला २०११ ची लोकसंख्या लाखाला थोडी कमी, ९८,९२३. आषाढीला किती येतात? प्रत्येक वर्तमानपत्राचा आकडा वेगळा. लहानपणी आमची ओसरी वारीत भाड्याने जायची. आजी रात्री कंदील घेऊन झोपलेल्यांचे पाय मोजायची आणि दोनाने भागायची, कारण डोकी पांघरुणात असत. सकाळी पैसे घ्यायला गेली की तीन-चार डोकी कमी भरत.

दगडफूल
आजीला जनगणना आयुक्त करा.

सरळरेघ
मी जरा मागे येतो. आकडेमोड्या आणि मावशी यांचं वाचून माझं मत थोडं हललंय, पण एक शंका आहे. सरासरी काढायची की शिखर? खाडीकाठ यांचंच घेऊ. सातशे पाहुणे, समजा वर्षातले शंभर दिवस पूर्ण भरलेले. सत्तर हजार माणूस-रात्री. भागिले ३६५, आले १९२. म्हणजे गावात वर्षभर १९२ माणसं जास्त राहतात असं धरा, आणि अठराशेचे दोन हजार करा. हे मला न्याय्य वाटतं.

आकडेमोड्या
नाही हो. टाकी सरासरीने भरत नाही. सातशे माणसं त्याच रात्री आंघोळ करतात. हॉटेलच्या माणसाला पाणी माणशी ५५ पुरत नाही हा आणखी एक भाग. शहरी मापाने १३५ धरा. ७०० गुणिले १३५, झाले ९४,५०० लिटर. गावाचे ९९ हजार. म्हणजे मे महिन्यात या गावात आणखी एक गाव येऊन राहतं, जवळपास तेवढंच तहानलेलं.

सरासरी कुठे वापरायची? निधी वाटताना. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचा निधी राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के भार लोकसंख्येला दिला होता, १० टक्के क्षेत्रफळाला. तिथे तुमचे १९२ धरले तर हरकत नाही. पण पंप, टाकी, कचऱ्याची गाडी, दवाखान्यातले बेड, हे सगळं शिखरावर ठरतं. एकच आकडा दोन्हीकडे चालत नाही.

सरळरेघ
आणि मग शिखरासाठी बांधलेली टाकी जुलै-ऑगस्टमध्ये रिकामी पडणार. तिच्या देखभालीची पट्टी कोण भरणार, वर्षभर राहणारे अठराशेच ना? मच्छीमाराने पर्यटकाच्या टाकीचे पैसे का भरावेत?

खाडीकाठ
हा प्रश्न बैठकीत एका मच्छीमार भावानेच विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुनीपाटी
उत्तर अर्धं कायद्यात आहे. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी यांची नावं नीट वाचली तर 'गिरिस्थान नगरपरिषद' अशी आहेत. साडेचार हजार वस्तीच्या माथेरानला एरवी नगरपरिषद मिळाली नसती. पण थंड हवेचं ठिकाण म्हणून वेगळी वाट काढली, प्रवासी कर घ्यायचा हक्क आला, पाहुण्याचा खर्च पाहुण्याकडून वसूल करता आला. समुद्रकाठच्या गावांना 'सागरस्थान' असं काही नाही. तुम्ही साधी ग्रामपंचायत. पाहुणा महाबळेश्वरएवढाच आणि अधिकार वाडीएवढे.

हंगाम कळत नाही असंही नाही. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे, पण लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडचे बर्फाळ भाग यांच्यासाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे. बर्फात माणूस सापडत नाही हे मान्य केलंय, म्हणून तिथे तारीख बदलली.

झणझणीत
मग कोकणासाठी तारीख गणेश चतुर्थी ठेवा. जिल्ह्याची लोकसंख्या एका रात्रीत दुप्पट, आमदारही दुप्पट.

तिरफळ
आमदार नको रे बाबा, न्हाणीघर एकच आसा.

मास्तरीणबाई
खाडीकाठ, पोदेर, टॉवर सगळं ठीक, पण सरळ गोष्ट राहिलीच. गावात खोल्या किती आणि प्रत्येक खोलीत खाटा किती, याची यादी पंचायतीकडे आहे का? पर्यटन खात्याकडे न्याहारी-निवास म्हणून नोंदलेल्या खोल्या असतीलच. विदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत सरकारला कळवावं लागतं, म्हणजे तीही नोंद. त्या याद्या अभियंत्यासमोर ठेवल्या तर तो नाही म्हणू शकणार नाही. खाटा मोजता येतात. माझ्या गाद्या आठवा.

खाडीकाठ
@मास्तरीणबाई, तुमचा प्रतिसाद वाचून त्याच दिवशी अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला, पंचायतीच्या पत्रावर खोल्या आणि खाटांची यादी द्या, मी 'तरती लोकसंख्या' म्हणून वेगळी ओळ टाकतो. एवढं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलं? म्हणाला, कुणी मागितलंच नाही.

आकडेमोड्या
वा! मग झालं की काम.

खाडीकाठ
(आठवड्याने लिहितोय.)

झालं नाही. यादी करायला मी आणि ग्रामसेवक वाडीत फिरलो. पहिलंच घर, वर लाकडी जिना, वर चार खोल्या, मी स्वतः त्यांच्या वास्तुशांतीला जेवलोय. मालक म्हणाले, दोन लिहा. का? तर नोंद दोनचीच आहे, बाकीच्या दाखवल्या तर घरपट्टी वाढेल, वीज व्यावसायिक दराने लागेल. पुढचं घर, सहाच्या तीन. त्याच्या पुढचं, 'आमच्याकडे पाहुणे नसतात हो, नातेवाईक येतात.' अंगणात पुण्याच्या दोन गाड्या. नातेवाईक घरमालकाला 'काका, वायफायचा पासवर्ड?' विचारत होते.

संध्याकाळपर्यंत सगळी वाडी फिरून बेरीज आली एकशे ऐंशी खाटा. मी बैठकीत सातशे म्हणालो होतो. ग्रामसेवक काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

बाई, तुमचे ते चार लिहा म्हणणारे मालक मला प्रत्येक पडवीत भेटले.

मास्तरीणबाई
मग तुम्ही गाद्या मोजायच्या होत्यात.

दगडफूल
खाडीकाठ, एक विचारू का, रागावणार नसाल तर? तुमच्या वहिनींच्या घरी खोल्या किती आणि कागदावर किती?

खाडीकाठ
मला वाटलंच होतं कुणीतरी विचारणार.

चार. कागदावर दोन.

काल रात्री घरात याच्यावरून बरंच झालं. वहिनी म्हणते, सगळ्यांनी खरं लिहिलं तर मी लिहीन. शेजारचे काकाही अगदी हेच म्हणाले होते. शेवटी भाऊ म्हणाला, मे मधला टँकरचा खर्च काढ. काढला. दोन खोल्यांची वाढीव पट्टी त्याच्यापुढे काहीच नाही. सोमवारी चारची नोंद करायला जातोय. तो मच्छीमार भाऊ म्हणालाय की तुमच्या चार लागल्या तर मी ग्रामसभेत पट्टीचा विषय काढतो, खोलीवाल्यांना वेगळा दर, आम्हाला वेगळा. निघू दे, त्याचं बरोबर आहे.

सरळरेघ
वेगळ्या दराला माझा पाठिंबा. (पहिल्या प्रतिसादात मी जरा तुसडेपणाने लिहिलं होतं.)

कोयता
सोमवारचं काय झालं ते लिहा नक्की. आमच्याकडे लपवायला खोल्या नाहीत, पण यादी करायची कल्पना घेतो. टोळ्या निघायच्या आधी, दिवाळीत, गावातच करता येईल.

झणझणीत
खाडीकाठ, दिवाळीत एक खोली मिळेल का? कागदावरची असो की नसो, समुद्राकडची हवी.

खाडीकाठ
मिळेल. पण बादलीने आंघोळ, शॉवर बंद आहे. आणि नाव रजिस्टरात लिहावं लागेल.